मागच्या गाडीचा दिवा

प्रिय बाळाबाई,

परवा फोन केला होता तो हेच सांगायला. पण तू उचलल्या उचलल्या "दादा, जेवलास न्हवं?" म्हणालीस आणि मी "व्हय" म्हणून ठेवून दिला. तोंडानं जमत नाही, म्हणून कागद घेतलाय. शाळेची पायरी न चढलेला मी, एसटीच्या पाट्या वाचून अक्षरं शिकलो, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घे. आणि हे आधी एकटीनं वाच. पावण्यांना, तुझ्या मालकांना, मागनं दाखव.

तुझी वहिनी बनाबाई गेल्यापासून घर नुसतं गप्प झालंय. म्हैस सूनबाईला धारेला उभी राहीना, पाय झाडते. काल मीच बनाबाईचं जुनं लुगडं खांद्यावर टाकून गोठ्यात गेलो, तेव्हा कुठं शांत झाली. लुगड्याला तोंड घासत राहिली बिचारी. मला काही बसवलं नाही, चरवी तशीच ठेवून बाहेर आलो. सूनबाई वर्षाराणी जेवायला वाढते, मी ताट पुढं ओढतो, आणि भाकरी तोंडात फिरत राहते.

खरा घोर सम्राटचा आहे. पोरगं कामावर जात नाही. उठलं की मोटरसायकल काढतं आणि या साखर कारखान्याचा गाडीअड्डा, त्या कारखान्याचा अड्डा असं हिंडतं, तो ट्रॅक्टर हुडकत. "आईला ज्यानं वाट दिली न्हाय, त्याचे हात मोडल्याबिगर मी डोईचे केस काढणार न्हाय," असं भर तिकटीवर चारचौघांत बोललाय. तुला ठाऊक आहे, तो बोलला की करतो.

त्या संध्याकाळचं तुला सगळं सांगितलंच नव्हतं. बनाबाईच्या छातीत कळ आली, गारगोटीचे डॉक्टर कोल्हापूरला न्या म्हणाले, ॲम्ब्युलन्सही लगेच आली. मी तिच्या उशाला बसलो होतो. मुदाळ तिट्टा ओलांडला आणि पुढं उसाचा ट्रॅक्टर लागला, मागं दोन ट्रॉल्या, गाणी इतकी मोठ्यानं की आमच्या काचा थरथरत होत्या. टपावर लाल-निळे दिवे लपलप करत होते. आमच्याही टपावर तसलेच. आमचा ड्रायव्हर डावीकडनं बघायला लागला की ट्रॅक्टर डावीकडं, उजवीकडनं घुसायला गेला की उजवीकडं. ड्रायव्हर शिव्या देता देता रडायला आला. बनाबाईनं डोळे उघडून विचारलं, "आलं व्हय कोल्हापूर?" मी म्हणालो, "आलं की." तेवढंच आमचं शेवटचं बोलणं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जरा लवकर आणायला हवं होतं.

आता तू म्हणशील, असा कसा कोण माणूस, ॲम्ब्युलन्स दिसत नाही? अगं, दिसली असणारच. पण ॲम्ब्युलन्स म्हणून नाही दिसली. तुझ्या घरात ट्रॅक्टर आहे, तुला वेगळं काय सांगू. उसाच्या फडातनं निघालेली गाडी आधी पोचली तर अड्ड्यावर तिचा नंबर आधी लागतो, मागं पडली तर रात्रभर तिथंच ताटकळायचं. म्हणून या पोरांनी आपसात कायदाच करून ठेवलाय, की मागच्याला पुढं काढू द्यायचं नाही. आणि हंगामात मागनं येणारा लाल-निळा दिवा आणि भोंगा म्हणजे दुसरा ट्रॅक्टरच, नंबर मारायला आलेला. सगळ्यांनीच ते दिवे लावलेत. पुढच्यानं आरशात बघितलं असेल आणि हसून गाणं आणखी मोठं केलं असेल.

बनाबाईचं कार्य झाल्यावर सम्राट मला अड्ड्यावर घेऊन गेला, गाडी ओळखायला. तिथं नेमके आरटीओचे साहेब पोरांना गोळा करून सांगत होते, लुकलुकणारा लाल-निळा दिवा ॲम्ब्युलन्सला, आगीच्या बंबाला, पोलिसांना. तुम्हाला मागं लाल रिफ्लेक्टर, बास. एक पोरगं म्हणालं, "सायेब, दिव्याबिगर ट्रॅक्टर म्हंजे बाशिंगाबिगर नवरदेव की वो!" सगळा अड्डा हसला. साहेबही हसले. दोन-चार गाड्यांचे दिवे उतरवले, फोटो काढले आणि गेले. त्यांची जीप वळणाआड गेली नाही तोवर दिवे परत वर चढले. बाळे, मी तिथंच उभा होतो. वाटलं, सांगावं, माझी बायको मेली रे या दिव्यापायी. पण कुणाला सांगू? उद्या यांच्यातल्या कुणाची आई गाडीत असेल, आणि पुढचा असाच हसेल. यातनं काही सुटका दिसत नाही मला.

सम्राटनं विचारलं, "आबा, ह्यातली कुठली?" मी म्हणालो, "अंधारून आलतं, काय दिसलं न्हाय."

तुझा ऋतुराज कार्याला आला होता, ते तू बघितलंसच. यंदा त्याचा ऊस वाहायचा करार आमच्याकडच्या कारखान्याशी, म्हणून दुपारचं जेवण मामीकडं ठरलेलं. ती गेली त्या दिवशीही तिच्या हातची भाकरी खाऊनच फडावर गेला होता. माझे पाय धरून लेकरू म्हणालं, "मामा, मी असतो तर ॲम्ब्युलन्सच्या पुढं पळत सुटलो असतो, रस्ता मोकळा केला असता." मी त्याच्या डोक्यावरनं हात फिरवत राहिलो. खोटं बोलत नव्हता गं तो.

दिसलं होतं मला. आमच्या दिव्याच्या उजेडात मागच्या ट्रॉलीची फळी लखलख करत होती. तिच्यावर पिवळ्या रंगात लिहिलेलं, 'मामीचा आशीर्वाद'. त्याला माहीत नाही, बाळाबाई. आजपर्यंत माहीत नाही. मी हे माझ्यासंगं घेऊन जाणार होतो. पण तिट्ट्याजवळच्या पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात त्या दिवशीचं सापडलंय, आणि उद्या सम्राट ते बघायला जातोय. मी अडवलं तर का अडवतो ते त्याला कळेल. म्हणून शेजारच्या राजवीरजवळ हे पत्र देऊन त्याला आत्ताच कोडोलीला धाडतोय. सम्राट काठी घेऊन यायच्या आधी तू ऋतुराजला जवळ बसव आणि तुझ्या तोंडानं सांग. मग पोलिसात न्यायचं की आणखी कुठं, ते तुम्ही ठरवा, पण त्याला क्षणभरही एकटा सोडू नको. पोरगं मामीचं लाडकं, जीव द्यायला मागंपुढं बघणार नाही. मामानं माफ केलंय म्हणून सांग, असं लिहायला घेतलं होतं. हात पुढं गेला नाही गं. ते तेवढं आज माझ्याकडनं मागू नको.

तुझाच,
केरबादादा