पानावर काही नाही

१ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. मोठ्या फोटोग्राफरांच्या नोंदी पुढे लोकांच्या कामी येतात. काल मॅक्रो लेन्स आली. स्मिताला सांगितले की ऑफिसातल्या आशिषची आहे, ठेवायला दिली आहे. अगदीच खोटे नाही. खोका आशिषनेच फोडून दिला.
संकल्प : रोज एक फळ, एक कीटक. स्पर्धेची शेवटची तारीख ३१ मार्च. अखिल भारतीय. विभाग : सूक्ष्म सौंदर्य.

२ फेब्रुवारी
एका संत्र्याच्या सालीचे १४० फोटो. स्मिताने विचारले, झालं का? झालं म्हटले तर तिने संत्रे सोलून खाऊन टाकले. उरलेली बाजू राहूनच गेली. बायकोला कलेची जाण असावी असे नाही, पण निदान थांबावे.
कीटक : मुंगी. एका जागी उभी राहत नाही.

५ फेब्रुवारी
सौसरच्या आमच्या घरात दर्जेदार कीटक नाहीत. मोहगावला मामाजींची, म्हणजे स्मिताच्या बाबांची, संत्र्याची बाग आहे. १८० झाडे. प्रत्येक कलम त्यांनी स्वतः लावलेले. मामाजी शहात्तरचे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन आंबिया बहाराची, म्हणजे आत्ता फुलावर असलेल्या फळांची, तोडणी आटोपल्यावर, दिवाळीनंतर. तोडणी चुकली तर डोळे काय कामाचे, असे त्यांचे म्हणणे.
पांढुर्ण्याच्या ऑफिसात पाठदुखीची रजा टाकली. पाठ पुढे दुखेलच.

८ फेब्रुवारी, मोहगाव
जावई म्हणून झाडाखाली खुर्ची, चहा, वर पुन्हा चहा. चिंधू हा बागेतला जुना गडी, बावीस वर्षांपासूनचा. त्याने ट्रायपॉड उचलून आणला. मामाजींना समजावले की या लेन्समधून मोहरीचा दाणा लिंबाएवढा दिसतो. त्यांना स्क्रीन दिसली नाही, पण चेहरा असा खुलला की मलाच बरे वाटले. म्हणाले, 'लय बरं झालं जवाईबापू. मले आता दिसत नाही, अन् चिंध्याचीबी नजर जाड झाली. तुम्हीच पाहत जा पानं. काही दिसलं तं सांगजा.'
संकल्प : मामाजींचे डोळे व्हायचे.

१८ फेब्रुवारी, सकाळी ९
सापडला! विहिरीकडची सातवी ओळ, कोवळी पालवी. तिळाहून लहान, नारिंगी, डोळे लाल. शेपटीकडून पांढरे वळणदार धागे निघतात, शेवया करताना तुटलेल्या तुकड्यांसारखे. मोठे झालेले आपली मागची बाजू वर करून पानावर तिरपे बसतात. इतकी शिस्त मी आमच्या ऑफिसात पाहिली नाही. एकावन्न वर्षांत एवढे सुंदर काही माझ्या वाट्याला आले नव्हते. डोळ्यांत पाणी आले, फोकस गेला.
बाजेवरून मामाजींनी विचारले, 'जवाईबापू, काही दिसून राहिलं का?'
चिंधू फवारणीचा पंप धूत बाजूलाच उभा होता. मी म्हटले, पानावर काही नाही. एका 'हो'ने सगळे धुऊन निघाले असते. शिवाय कीटक त्या क्षणी देठावर होता.

२३ फेब्रुवारी
चिंधूला फवारा मारायचा आहे. म्हणे दरसाली माघात एक मारतो. मी सांगितले, औषधाचा एक थेंब लेन्सवर पडला तर लेन्स गेली. मामाजींनी त्याला थांबवले, 'जवाईबापूचं काम होऊ दे आधी.' चिंधू म्हणाला, 'मालक, पानं हाताले चिकट लागून राहिले.' मी म्हटले, दव असेल. तो म्हणाला, 'भर दुपारी बारा वाजता?' माणूस वाद घालणारा आहे.
मामाजींनी एक पान बोटांत धरून कितीतरी वेळ चोळले. मग मला पुन्हा विचारले. मी सांगितले, कॅमेऱ्यात तरी स्वच्छ आहे. तेव्हा ते चिंधूवरच चिडले, 'कॅमेऱ्याले खोटं बोलता येते का रे?'

२७ फेब्रुवारी
स्पर्धेच्या फॉर्ममध्ये कीटकाचे नाव हवे. मोबाइलवर शोधले. नाव : सिट्रस सिला. लांबी तीन मिलिमीटर. त्याखाली 'नुकसान' असे शीर्षक होते, तेवढ्यात डेटा संपला. म्हणजे संपत आला होता.
संकल्प : ३१ मार्चला फोटो पाठवायचे, १ एप्रिलला मामाजींना सगळे सांगायचे. महिन्याभराने असे काय होते.

९ मार्च
संत्र्याचे फळ आता वाटाण्याएवढे. त्यावर सिलाने टाकलेला गोड थेंब, तो प्यायला आलेली मुंगी. फळ, कीटक, थेंब एकाच फ्रेममध्ये. मुंगी चक्क उभी राहिली! आयुष्यातला सर्वोत्तम फोटो. सातव्या ओळीत जाण्याचीही गरज उरलेली नाही, आता चौथीत आहेत, अकरावीत आहेत. मॉडेलची टंचाई संपली.

१९ मार्च
पाने मुरडू लागली. त्यांच्यावर काळपट थर येतो, कंपोझिशनला अडचण होते. सहा पाने रुमालाने पुसली. चिंधू बघत उभा होता. गडीमाणसाने असे बघू नये.
मामाजींचे कान शाबूत आहेत. म्हणाले, 'हे टपटप काय पडून राहिलं, जवाईबापू?' खाली वाळल्या पाल्यावर फळे गळत होती. वाटाण्याएवढीच. मी म्हटले, ऊन वाढले आहे. खोटे नव्हते, ऊन खरेच वाढले होते.

३१ मार्च, दुपारी
पाच फोटो पाठवले. फॉर्ममध्ये स्थळ लिहिले : श्री. गुणवंताजी यांची बाग, मोहगाव. पत्ताही मोहगावचाच दिला. बक्षीस थेट त्यांच्या दारात उतरेल. जावयाने सासऱ्याचे नाव देशभर न्यावे, आणखी काय पाहिजे!

१ एप्रिल
आज सांगणार होतो. पण आजच्या तारखेला थट्टा वाटेल. उद्या.

२ एप्रिल
पाठ खरोखरच धरली. उद्या.

११ एप्रिल
सांगायची वेळच आली नाही. चिंधूने कोणाला न विचारता लोधीखेड्याहून एका कृषीवाल्या साहेबांना गाडीवर बसवून आणले. साहेबांनी एक पान उलटे केले. भिंग नाही, काही नाही, नुसत्या डोळ्यांनी. म्हणाले, सिला आहे, दोन महिने झाले असतील. बहार गेला. चौसष्ट झाडे शेंड्याकडून वाळत आली आहेत, ती तोडा म्हणजे बाकीची वाचली तर वाचतील. फेब्रुवारीतच एक फवारा बसला असता तर एवढे झालेच नसते. मग सगळ्यांकडे बघून विचारले, तुमच्यापैकी कोणालाच दिसलं नाही का?
मामाजी म्हणाले, 'माह्याच डोळ्याचा दोष आहे, साहेब.'
मी ट्रायपॉडचा स्क्रू आवळत होतो. तो खरेच सैल होता.

२० एप्रिल
तोडणे सुरू. मामाजी प्रत्येक झाडाला आधी हात लावतात, ते कधी लावले ते सांगतात, मग चिंधूला 'हाव, मार' म्हणतात. दुपारपर्यंत नऊ झाली. मी फोटो काढले नाहीत. (दोन काढले.)
घरी स्मिताने एकच विचारले, तुम्हाला तरी दिसलं होतं का? मी तिला समजावले की मॅक्रोत अगदी थोडासा भाग दिसतो, आजूबाजूचे काही कळत नाही. हे शास्त्रीय आहे. ती भांडी घासत राहिली. भांडी आधीच घासलेली होती.

१४ मे
मामाजींच्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन नागपूरला नीट झाले. म्हणाले, 'आता तोडणी कायची पाहू? डोळाच करून घेतो.' म्हणजे बघा, नाहीतर दिवाळीपर्यंत अडले असते. प्रत्येक गोष्टीत काही चांगले असते.

२ जुलै
निकाल! पण सूक्ष्म सौंदर्यात नाव नाही. परीक्षकांनी मला परस्पर 'शेतीवरील किडी' या विभागात टाकले. तिथे उत्तेजनार्थ. परीक्षक बहुधा शहरातले.
मोठी फ्रेम केलेला फोटो दिलेल्या पत्त्यावर निघाला आहे. पत्ता बदलायला फोन केला. एंगेज. पुन्हा केला. एंगेज.
संकल्प : पार्सल येईल त्या दिवशी मोहगावात आधी आपण हजर.

९ जुलै, मोहगाव
बस उशिरा आली. पार्सल आधी पोचले होते. फ्रेम ओसरीवर भिंतीला टेकवून ठेवलेली. नारिंगी अंग, लाल डोळे, पांढरे धागे, हातभर मोठे. स्मिता कालपासून इथेच आहे, ती आत होती. मामाजी फ्रेमसमोर खाली बसले होते. खालच्या पट्टीवरची अक्षरे बोट ठेवून वाचत होते. स्वतः वाचत होते. 'सिला. गुणवंताजी यांची बाग, मोहगाव. अठरा फेब्रुवारी.'
मला पाहून उठायला लागले. मी म्हटले, बसा, बसा. त्यांनी विचारले, 'अठरालेच मी तुम्हाले बाजेवरून विचारलं होतं न?' आवाजात राग असता तर बरे झाले असते.
मी म्हटले, कॅमेऱ्यातली तारीख कधी कधी चुकते.
म्हणाले, 'चुकत असन.' मग आत वळून, 'स्मिते, जवाईबापूले चहा मांड.'
चहा घेतला. स्मिताने कप ठेवला आणि सांगितले की ती आता इथेच राहणार आहे, बाबांना दुसऱ्या डोळ्याचेही करायचे आहे. किती दिवस, ते बोलली नाही. मीही विचारले नाही. फ्रेम घेऊन जाऊ का, म्हटले. मामाजी म्हणाले, 'राहू द्या, चिंध्याले कीड ओळखाले कामी येईन.'
सायंकाळी ५. निघताना बागेतून गेलो. चौसष्ट झाडांच्या जागी पार विहिरीपर्यंत मोकळे आहे, ऊन सरळ जमिनीवर येते. मामाजी उरलेल्या ओळीत उभे होते. एकेक पान उलटून डोळ्याजवळ नेत होते, मग दुसरे. मी बांधावर थांबलो. कॅमेरा गळ्यातच होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मान हलवली आणि पुढच्या झाडाकडे गेले.
मी बराच वेळ थांबलो होतो. विचारले असते तर आज खरे सांगितले असते.
त्यांनी विचारले नाही.