गाईडमधलं माझं उत्तर

बाई, मी तुमच्यावर भयंकर चिडले आहे. तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण माझा इलाज नाही. गेला आठवडाभर मी घरात सगळ्यांवर वसवस करतेय. नवऱ्यावर, मुलीवर, अगदी दारात आलेल्या भाजीवाल्यावरसुद्धा. त्यांचा बिचाऱ्यांचा काही दोष नाही. दोष तुमचा आहे, आणि तुम्हीच समोर नाही.

मुलुंडच्या आपल्या शाळेत शनिवारचा शेवटचा तास तुमचा असायचा. दप्तरं बाहेर व्हरांड्यात ठेवायची, आत फक्त पुस्तक, वही आणि पेन. कविता तुम्ही एकदाच वाचायचात, आणि मग दोन मिनिटं कुणी पेन उचलायचं नाही. "आधी गप्प बसा. कविता काय म्हणतेय ते ऐकून घ्या, मग तुमची अक्कल पाजळा." कुणाच्या दप्तरात गाईड सापडलं तर ते जप्त. ते थेट तुमच्या लोखंडी कपाटात जायचं आणि वर्षाअखेरीपर्यंत परत मिळायचं नाही. "उष्टं खायची सवय लागली की स्वतःची भूक कळेनाशी होते," असं म्हणायचात तुम्ही. आम्ही पोरी मागच्या बाकावर तुमची नक्कल करायचो, पण ते वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं. आमच्या भांडुपच्या खोलीत गाईड घ्यायची ऐपत नव्हतीच, त्यामुळे न घेण्यात काहीतरी मोठेपणा आहे हे तुमच्याकडून कळलं तेव्हा मला केवढं बरं वाटलं होतं.

दहावीतली ती कविता आठवते? तिन्हीसांजेला एक बाई दारात उभी आहे. चूल पेटलेली आहे, आत मूल झोपलंय, आणि ती लांब कुठेतरी बघतेय. बस, एवढंच. खाली प्रश्न होता, ती कोणाची वाट पाहत असेल, तुमचे मत लिहा. सगळ्या वर्गाने लिहिलं, कामावर गेलेल्या नवऱ्याची. मी लिहिलं, ती कोणाचीच वाट बघत नाही. दिवसभरात तिला कोणी हाक मारत नाही अशी एवढीच वेळ असते, म्हणून ती दारात उभी राहते. माझी आईपण अशीच उभी राहते, आणि काय बघतेस विचारलं तर काही नाही म्हणते. सोमवारी तुम्ही मला टीचर्स रूमच्या दाराशी बोलावलंत. तुमच्या हातात माझी वही. "तुझी आई खरंच अशी उभी राहते?" मी म्हटलं, हो बाई. तुम्ही ते उत्तर तिथेच पुन्हा एकदा वाचलंत. मग म्हणालात, "छान लिहिलंयस. पण परीक्षेत असलं काही लिहू नकोस हं. पेपर तपासणारा तुझ्या आईला ओळखत नाही. त्याला नवऱ्याची वाट बघणारी बाईच पाहिजे असते, उगाच मार्क जातील." आणि वही तुम्ही ठेवून घेतलीत. माझ्याकडे राहू दे म्हणालात. मला वाटलं, केवढा मान! घरी जाताना भांडुपचा चढ कसा संपला ते कळलं नाही.

तुमचं मी ऐकलं. बोर्डाला जे पाहिजे तेच लिहिलं, मार्क झकास पडले. पुढे कॉलेजात, बी.एड.ला, प्रत्येक पेपरात आधी तपासणाऱ्याला काय हवंय ते हुंगायचं आणि मग पेन उचलायचं, हीच सवय लागली. माझं स्वतःचं मत असं मी पुन्हा कधी लिहिलंच नाही. पण एक उत्तर आपण खरं लिहिलं होतं आणि बाईंनी ते जपून ठेवलंय, हे मला पुरत होतं. माहेरचा दागिना लॉकरमध्ये आहे म्हणून बायका निर्धास्त असतात ना, तशी मी होते. त्याच जोरावर मराठीची शिक्षिका झाले. आता नाहूरला राहते, मुलुंडलाच दुसऱ्या शाळेत शिकवते. आकलन, रसग्रहण, स्वमत, सगळं तुमच्यासारखंच. दप्तरं बाहेर, दोन मिनिटं गप्प.

या वेळी चाचणीत मी तीच कविता घातली. अभ्यासक्रमातून ती कधीच गेलीय, म्हटलं पाठ करून यायला कुणाकडे असणारच नाही, पोरं झक मारत स्वतःच्या डोक्याने वाचतील. रविवारी दुपारी डायनिंग टेबलवर पेपर घेऊन बसले. दुसरा की तिसरा पेपर असेल. वाचते तर, ती कोणाचीच वाट बघत नाही. बाई, माझ्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांनी कुणालातरी ती बाई माझ्यासारखी दिसली! नवऱ्याला हाक मारून मी वाचून दाखवणार, तेवढ्यात पुढचं वाक्य बघितलं. दिवसभरात तिला कोणी हाक मारत नाही अशी एवढीच वेळ असते. त्याच्या पुढे आई. त्याच्या पुढे काही नाही. शब्द न् शब्द माझा. पुढच्या पेपरातही तेच. अजून दोन पेपरांत तेच. ते चार पेपर मी बाजूला काढून ठेवले.

दुसऱ्या दिवशी वर्गात ते चार पेपर मार्क न देताच परत केले आणि विचारलं, हे उत्तर कुठून आणलंत गं? दुसऱ्या बाकावरची एक चुणचुणीत मुलगी उभी राहिली. "टीचर, गाईडमध्ये आहे ना. मागे सरावासाठी जुन्या कविता दिल्यात, त्यात." दप्तर बाहेर होतं, पळत जाऊन आणून दाखवलं तिने. नमुना उत्तर, चौकटीत. लेखकाचं नाव कुठेच नाही, नुसतं अनुभवी शिक्षकांनी तयार केलेलं. मी ते उभ्याउभ्या तीनदा वाचलं. मुलगी विचारते, "चुकीचं आहे का टीचर?" म्हटलं, नाही, बरोबर आहे. "मग मार्क का नाही दिले?" म्हटलं, तुझी आई उभी राहते का अशी? तर म्हणते, "माझी मम्मी बँकेत आहे, तिला सात वाजतात यायला." सगळा वर्ग हसला. तीपण हसली. मी चारही जणींना पूर्ण मार्क देऊन टाकले.

ती वही तुमच्याशिवाय कुणाकडे नव्हती, बाई. तरी मन मानेना म्हणून आपल्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंना फोन केला. त्या आता रिटायर होऊन मुलुंडलाच असतात. म्हणाल्या, "अगं, तुला माहीत नव्हतं? मराठीचं ते गाईड तीच लिहायची. दर मे महिन्यात. शाळेत कळलं असतं तर पंचाईत झाली असती म्हणून नाव घालू द्यायची नाही. शाळा सुटली तरी घरी जायची नाही, वरच्या वर्गात लिहीत बसायची. घरी तिचं काय चाललं होतं ते तिलाच ठाऊक, बाई." फोन ठेवला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! आमच्या दप्तरातली गाईडं जप्त करत होतात ती स्वतःचीच? आणि जे मी परीक्षेत लिहायचं नाही, ते सगळ्या महाराष्ट्राने पाठ करायचं? मला एकदा विचारलं असतंत तर मी नाचत हो म्हटलं असतं. नाव नसतं घातलं तरी चाललं असतं. पण तुम्ही मला सांगितलंत हे चालणार नाही, मी घाबरून गप्प बसले ती कायमची, आणि तुम्ही ते उचलून चौकटीत छापलंत. तुम्ही माझी वाट लावलीत, बाई. चोरीचं मला एवढं काही नाही. ज्यांचं ऐकून मी माझं तोंड बंद केलं, त्यांनीच माझ्या तोंडचे शब्द विकायला काढले, याचं वाईट वाटतं. तुमचा फोटो मी अजून टीचर्स रूममधल्या माझ्या कप्प्यात ठेवते. काल तो उपडा करून ठेवला.

हे सगळं मी आईलाही सांगितलं. ती आता माझ्याकडेच असते. कालवणासाठी फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती. म्हटलं, आई, दहावीत मी तुझ्यावर लिहिलं होतं, ते बाईंनी चोरलं. काय लिहिलं होतंस म्हणाली, म्हणून वाचून दाखवलं. तिने सुरी खाली ठेवली आणि खो खो हसत सुटली. "माका खंय येळ होतो गो दारात उभी रवाक? दीस मावळलो तरी कारखान्याच्यो टिकल्यो पाकिटात भरूच्यो असायच्यो. त्यो कोण भरतलो होतो, तुझो बापूस?"

हे पत्र मी कुठेही पाठवणार नाही. तुमच्या मुलाचा पत्ता मिळेल, पण त्याला बिचाऱ्याला काय करायचंय हे? राग माझा गेलेला नाही, तो जाईल असंही वाटत नाही. पण आई हसली तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय, ती तुम्हालाच सांगायला हवी. नववीत एकदा मी डबा विसरले म्हणून शाळा सुटल्यावर परत वर आले होते. सगळे गेले होते. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर वर्गाच्या दारात उभ्या होतात, खांद्याला पर्स, बाहेर मैदानाकडे बघत. मी विचारलं, बाई, काय बघताय? तुम्ही म्हणालात, काही नाही. पुढच्या वर्षी ती कविता वाचली तेव्हा मला तुम्ही दिसलात. बाईंवर लिहायचं कसं, म्हणून मी आई लिहिलं. आणि तुम्ही वही हातात धरून विचारलंत तेव्हा तुमच्या तोंडाकडे बघत मी हो म्हणाले, ते खोटं होतं.