गल्लासॉफ्ट की झेपबिल?

६ जानेवारी, सकाळ
ठरलं. गल्लासॉफ्ट सोडायचं.

काल सियागंज बाजारात आमच्या जुन्या गिऱ्हाइकांकडे चक्कर मारली. सगळे झेपबिलवर गेलेत. मसालेवाला म्हणाला, भिया, उसमें तो बोलने से बिल बन जाता है. आमच्या ॲपमध्ये अजून टाइप करावं लागतं. खेळ खल्लास.

झेपबिल म्हणजे अंबिका नोकरी करते ती कंपनी. बायको रायव्हल कंपनीत असणं हा माझा स्ट्रॅटेजिक ॲडव्हान्टेज आहे. आजपासून तिच्याकडून हळूहळू माहिती काढायची. तिला कळता कामा नये.

७ जानेवारी
माहिती काढली. म्हणजे मी बूट काढत होतो, तेवढ्यात तिनेच सांगितली. म्हणे, झेपबिल आतून पोकळ आहे. सगळं फुकट वाटून दुकानदार गोळा केलेत, इन्व्हेस्टर वैतागलाय, तुम्ही चुकूनही येऊ नका.

समजलो. तिला भीती वाटते, मी आलो तर तिच्यावर सीनियर होईन. स्वाभाविक आहे. माफ केलं.

१९ जानेवारी
झेपबिलमध्ये इंटरव्ह्यू. ऑफिसात झोपाळा आहे! फाउंडर मानस चपला घालून येतो. मला रॉकस्टार म्हणाला. गल्लासॉफ्टचे देवेंद्रजी इतक्या वर्षांत 'ठीक है' याच्यापुढे गेले नाहीत.

ऑफर आली. झोप नाही.

२ फेब्रुवारी
राजीनामा दिला. देवेंद्रजी म्हणाले, थोडं थांबा, बोलून बिल बनवायचं आपलंही येतंय. मी नुसता हसलो. बुडणारे असंच बोलतात.

घरी अंबिकाला सांगितलं. ती पोळी लाटायची थांबली. म्हणाली, अहो, मी आजच तिथला राजीनामा दिला.

ब्लफ. कॉर्पोरेटमध्ये याला प्रेशर टॅक्टिक म्हणतात.

२ मार्च
झेपबिल जॉइन केलं. ब्लफ नव्हता. अंबिका आजपासून गल्लासॉफ्टमध्ये, माझ्याच जागेवर. काळजीपोटी तिला समजावलं की तिथे फ्यूचर नाही. तिने डबा उचलला आणि निघाली. बिचारी.

संध्याकाळी झोपाळ्यावर बसलो. थोडा करकरतो.

२७ मार्च
झोपाळा गेला. कॉफी मशीनही. मानस बेंगळुरूला इन्व्हेस्टरकडे आहे. व्हिडिओ कॉलवर म्हणाला, आता आपण बिलिंग करणार नाही, AI कुंडली करणार. अर्धी टीम कॉलवरूनच उठून गेली. मी टाळ्या वाजवल्या. व्हिजन सगळ्यांना दिसत नाही.

अंबिकाने विचारलं, ऑफिसात सगळं बरं आहे ना? मी म्हटलं, कॉन्फिडेन्शियल.

१७ एप्रिल
ऑफिसला कुलूप. वॉचमन म्हणाला, भिया, सामान तो कल ही उठ गया. म्हणजे वर्क फ्रॉम होम असणार. मानसला मेल केला. मेल परत आला. नेटवर्क प्रॉब्लेम.

घरी लवकर जायला नको म्हणून राजवाड्याजवळ उगाच फिरलो. चप्पल घेतली. साइज चुकला.

४ मे
ऑफिसच्या कुलपाचं अंबिकाला सांगितलं. म्हणजे तिला आधीच माहीत होतं. तिने फक्त पाठीवर हात ठेवला. मला ते अजिबात आवडलं नाही. थोडा वेळ तसाच बसून राहिलो.

सियागंजात सगळे परत गल्लासॉफ्टवर आलेत. मसालेवाला मालवी बोलीत बोलतो तरी ॲपला समजतं आणि बिल बनतं. हे अंबिकाने करून घेतलं म्हणे. पाया अर्थातच माझा.

ठरलं. गल्लासॉफ्टला परत जायचं. त्यांना माझी गरज आहे.

११ मे, संध्याकाळ
गल्लासॉफ्टमध्ये इंटरव्ह्यू. जागा ज्युनियर टेस्टरची आहे, पण माणूस बघून पोस्ट वाढवतात.

देवेंद्रजींबरोबर निशांत नावाचा नवा पोरगा होता. त्याने विचारलं, कंपनीत कोणी ओळखीचं? मी छाती काढून म्हटलं, बायको. तो म्हणाला, हो, मॅडमना आम्ही विचारलं. निर्णयात त्या नाहीत, फक्त मत दिलंय.

घरी येऊन अंबिकाला विचारलं, काय मत दिलंस? ती म्हणाली, खरं तेच सांगितलं. कामात चोख आहेत, पण समोरचा सांगतो ते ऐकत नाहीत.

पुढेही काहीतरी म्हणाली. माझ्या जॉइनिंगबद्दलच असावं. मी तेव्हा फोनवर बघत होतो. एक तिसरी कंपनी आलीय, भलतीच जोरात आहे.