क्लॅरीचं दारूगोळ्याचं कोठार

२ डिसेंबर
...चादरी पिळून झाल्या होत्या, कोंबड्यांना दाणे टाकून झाले होते आणि मी तोंडात चिमटे धरून अभ्रे वाळत घालत होते. आमचं लग्न तेव्हा नवीनच. क्लॅरी कुंपणापाशी आला आणि गल्लीच्या टोकाची बंद पडलेली विटांची इमारत दाखवत म्हणाला, "डल्सी, ते दारूगोळ्याचं कोठार. आमचे बाबा तिथे पहारेकरी होते."
माणूस खोटं बोलत असला तर मला चेहऱ्यावरून कळतं. क्लॅरी खरंच बोलत होता.
तो गेल्याला दोन वर्षं झाली. आता ब्रिस्बेन कौन्सिल त्या इमारतीवर पाटी लावणार आहे. ती मुळात कशाची, ते लोकांनी पुराव्यासह सांगायचं. मी सांगणार. पाटीवर सासऱ्यांचं नाव येईल. क्लबातले जे क्लॅरीला 'जनरलसाहेब' म्हणून हसायचे, ते ती माना वर करून वाचतील.

५ डिसेंबर
लायब्ररीतून किल्ल्यांवरची दोन जाड पुस्तकं आणली. शाळा लहानपणीच सुटली, वाचन नाही सुटलं. इमारतीचे झरोके छताजवळ: ठिणगी आत येऊ नये म्हणून. भिंतींना आतून डांबर: ओल लागू नये म्हणून. झालं सिद्ध.

९ डिसेंबर, दुपार. भयंकर उकाडा.
इतिहास मंडळाचे गार्थ इमारत बघायला आले. फरशी उतरती, मधोमध गटार, भिंतीला ओळीने नळ.
"कोठारात एवढे नळ कशाला, डल्सी?"
"आग लागली तर?"
वहीत काहीतरी लिहून घेतलं. पटलं असावं.
मग मी हुकमाचा पत्ता काढला. नाताळच्या आदल्या संध्याकाळी क्लॅरी दरवर्षी त्या दारात बिअरची बाटली ठेवायचा. पहारेकऱ्यांना मानवंदना!
गार्थ म्हणाले, "आमची आईपण ठेवायची. संडासाच्या फळीवर. मैल्याचा डबा उचलायला येणाऱ्या माणसासाठी. अख्खं ब्रिस्बेन ठेवायचं."
आमच्याकडेही ठेवायचे. पण त्याचा इथे काय संबंध? शिकलेली माणसं, डोकं मात्र संडासात.

१४ डिसेंबर
वृद्धाश्रमात नणंदेकडे गेले. केक नेला होता. एनिड पाटीचं ऐकून इतकी हसली की कवळी हातात घ्यावी लागली.
"पहारेकरी? अगं, बाबा तिथे मैल्याचे डबे धुवायचे! तिथल्याच नळाखाली आंघोळ करून घरी यायचे, तरी क्लॅरी त्यांच्या शेजारी जेवायला बसायचा नाही. बाबा गेले, आणि मग हा बसला बाटल्या ठेवत."
"मला कधी बोलला नाही."
"तुला सांगणार? डबा उचलणारा आला की धाडधाड खिडक्या लावणारी तू!"
एनिडचं वय झालंय. खिडक्या मी डासांसाठी लावायचे.
केक तिने सगळा ठेवून घेतला.

२३ डिसेंबर
गार्थ दारात. पाटी ठरली: 'शहरातील मैल्याचे डबे येथे धुतले जात.' खाली तिथे राबलेल्या एखाद्या माणसाचं नाव घालायचंय, पण नाव कुणीच देत नाही. एनिडने त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं.
"तुमचे सासरे होते ना तिथे? तुम्ही हो म्हणालात तर त्यांचं नाव घालू."
मी म्हटलं, "आमच्या घरात तसलं कुणी नव्हतं."
नाताळच्या शुभेच्छा देऊन गेले. पाटी नावाशिवाय लागेल.

२५ डिसेंबर
काल संध्याकाळी मी फ्रिजमधली बिअरची बाटली नेऊन त्या दारात ठेवली. घरी आले आणि खिडक्या लावून घेतल्या.