नऊ दिवस आणि एक तयार फाइल

मी, वय एकोणसत्तर, आयुष्यभर सॉफ्टवेअरची पॅकेजे बांधणारा, पूर्ण शुद्धीत आहे. डॉक्टरांनी आजच तपासून तसा दाखला दिला आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मनाने हे लिहून ठेवत आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात लिहिले होते.

एक. राहते घर, म्हणजे दोन खोल्या व गॅलरी, आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलीला द्यावी. सहा वर्षांत ती या घरात आलेली नाही. त्यावरून तिचा हक्क कोणी कमी करू नये. चूक तिची नाही.

दोन. आमचे मंडळ लोकांना मुक्त सॉफ्टवेअर पुरवते. मूळ कोड माणसाला वाचता येतो. त्यातून बनलेली तयार फाइल फक्त यंत्राला कळते. दुसऱ्याची तयार फाइल जशीच्या तशी पुढे द्यायची नाही, कोड वाचून आपण बांधायची, हा नियम माझा. अशा फाइलींत लपवलेली भानगड मी तीनदा पकडली होती, त्यामुळे माझ्यापुढे कोणी बोलत नसे.

आजारात पत्नीची वाचा गेली, मग हात गेले. फक्त डोळे हलत. डोळ्यांनी अक्षरे निवडून बोलता येईल असा एक प्रोग्राम सापडला. मुलगी म्हणाली, "बाबा, बनवणाऱ्यांचीच तयार फाइल आहे. दहा मिनिटांचं काम."

"आत काय आहे ते पाहिल्याशिवाय मी ती तुझ्या आईसमोर ठेवणार नाही."

"आईला काहीतरी सांगायचंय."

"दोन दिवस थांब."

दोनाचे नऊ झाले. एक भाग बांधून झाला की दुसरा अडे. मुलगी कागदी तक्त्यावर एकेका अक्षराला बोट लावी, आई डोळे मिटून होकार देई. सातव्या दिवशी 'नको' एवढे जुळले आणि ती थकली. काय नको, ते कळले नाही. नवव्या दिवशी सकाळी पत्नी गेली. माझा संगणक बंद करायचे कोणाला सुचले नव्हते. दुपारी बांधणी एकही चूक न दाखवता पूर्ण झाली. मुलीने पडद्याकडे पाहिले. "झालं तुमचं?" म्हणाली आणि बॅग भरायला गेली.

तो कोड मी नंतर ओळ न् ओळ वाचला. त्यात वावगे काही नव्हते.

तीन. पॅकेजांवर मंडळाची सही उमटवायची डिजिटल किल्ली 'झटपट'ला द्यावी. हा माझा जुना सहकारी. तयार फाइलीही द्याव्यात म्हणायचा, म्हणून हे नाव. "तहानलेल्याला विहीर खणायला लावू नका," असे तो भर बैठकीत म्हणाला, तेव्हा मी त्याची टर उडवली आणि दोन वर्षे अबोला धरला. हिच्या अंत्ययात्रेला तो आला, पण त्या विहिरीची आठवण त्याने काढली नाही. नियम मोडू नये. पण ज्याला थांबायला वेळ नाही त्याला, 'तपासलेली नाही' असे स्पष्ट लिहून, तयार फाइल द्यावी. बांधायचे काम मागून चालू ठेवावे.

चार. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी माझी शिडी नेली आहे. ती त्यांच्याकडेच राहू द्यावी. मात्र त्यांनी ती विचारून नेली नव्हती, हे त्यांना एकदा सांगावे.

पाच. ज्याला लाभ होतो त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणून मुलीला बोलावले नाही, असे मी सर्वांना सांगितले आहे.

सही: लिहून ठेवणारा
साक्षीदार: १. शेजारच्या शिंपीणबाई (सही) २. तपासणारे डॉक्टर (सही)
ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ३ नोव्हेंबर २०२५