बारावी हाक

३ नोव्हेंबर
दिंडोरीहून आले, खोलीत सामान टाकलं आणि लगेच रान बघायला निघाले. पाथर्डी फाट्याकडे चहूबाजूंनी सोसायट्या, मधे हे एवढंसं रान, आणि त्यात वटवाघळांच्या चक्क अकरा जाती. त्यांच्याच नोंदी करायला मी इथे आलेय, त्यामुळे स्वारी खूश आहे. माझ्याआधीपासून काम करणारी स्वरदा गोड बोलते. तिने डिटेक्टर शिकवला. वटवाघळाची हाक आपल्याला ऐकू येत नाही, हे यंत्र ती टकटक करून ऐकवतं. शोध चालू असला की टकटक संथ, किडा टप्प्यात आला की भराभर.

९ नोव्हेंबर
अकरांपैकी बहुतेक जाती स्वरदानेच शोधल्यात. आमचे शेखर सर दर वाक्यात तिचं नाव घेतात. रखवालदार वाल्मीकही चहा देताना मलाच ऐकवतो की स्वरदाताई लय हुशार हाय. मी हसून मान डोलावली. चहा अर्धा टाकला.

१४ नोव्हेंबर
स्वरदाला तळ्याकाठी बारावी हाक मिळाली. कुठल्याच जातीशी जुळत नाही. अतिशय संथ, कधीच भराभर न होणारी. सर म्हणाले, नवी जात निघाली तर शोध हिच्याच नावावर. माझा नुसता जळफळाट होतोय. जेवण गेलं नाही.

१७ नोव्हेंबर
स्वरदा भावाच्या साखरपुड्याला सटाण्याला गेली. जाताना बजावलं, रेकॉर्ड केलेली हाक रानात वाजवायची नाही, वटवाघळं आवाजावर चालून येतात. मला शिकवते. संध्याकाळी तिच्या लॅपटॉपमधून हाक घेतली, माझ्या नोंदींच्या जागेवर, वडाखाली, स्पीकरवर वाजवली. उत्तर आलं. नोंद माझ्या नावाने केली.

१८ नोव्हेंबर
हाक आज जरा जलद. वर काहीच दिसलं नाही. बाकीची वटवाघळं बाहेरच पडली नाहीत.

१९ नोव्हेंबर
भर दुपारी खोलीत टकटक. डिटेक्टर खिडकीकडे धरला तर बारीक. भिंतीकडे, बारीक. माझ्याकडे वळवला तर मोठी — हाक माझ्यावर आपटून परत जातेय.

२० नोव्हेंबर
स्वरदाचा फोन. घाबरून सगळं सांगून टाकलं. ती रागावली नाही. म्हणाली, खोली सोड, वाल्मीककडे जाऊन बस, मी निघते. म्हणजे ती येणार, ती बघणार, आणि शोध पुन्हा तिचाच. नाही गेले.

२१
भराभर. डिटेक्टर बंद केला तरी ऐकू येतंय —
स्वरदा दार वाजवतेय. रडतेय. कडी काढ म्हणते. काढली तर तिलाही दिसेल —
छतापाशी. केवढं —
दिसलं. मला दिसलं. तिला सांगा, मी आधी —