यादीत नसलेल्यांच्या घरी

अहो सर,

सगळे तुम्हाला सर म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणत राहिले. तुम्हाला जाऊन दीड वर्ष झालं. इतके दिवस लिहावंसं वाटलं नव्हतं. आज सकाळी भारती आली, म्हणून वही उघडली.

तुमचीच भारती. तलासरीच्या पुढच्या पाड्यावरची, डावा कोपरा सांभाळणारी. कॉलेजच्या मुलींच्या कबड्डी संघाची कोच आता तुमच्या जागी तीच आहे. हातात बारा नावांची यादी होती.

"काकी, नावं ग्रुपवर टाकून देऊ का? चार पोरी राहिल्यात. त्यांच्या घरी जाऊन सांगायला माझी जीभच उचलत नाय."

"तुझ्या घरी सर आले होते ना?" मी म्हटलं.

आठवतं तुम्हाला? पहिल्या वर्षी तुम्ही तिला घेतलं नव्हतं. बावीस वर्षं तुमचा रिवाज एकच. यादी बोर्डावर लागायच्या आदल्या दिवशी, जिचं नाव नाही तिच्या घरी तुम्ही स्वतः हजर! त्या दिवशी मीही सोबत होते, परतताना आशागडला माझ्या बहिणीकडे जायचं होतं म्हणून. भारतीचा बाप अंगणात भात झोडत होता.

"पोरीला घ्यायचं नाय, तं इथवर आलास कशाला, सर?"

"तेच सांगायला आलो. पकड चांगली आहे तिची, दम कमी पडतो. पुढच्या वर्षी बघू."

तो हसायलाच लागला. "नाय म्हणायला कोण एवढं चालत येतं? येडा हायेस. बस, चहा पी."

बापाचं ते बोलणं आठवून भारती हसली. मग म्हणाली, "काकी, तुम्ही चला ना माझ्याबरोबर."

"बघते" म्हणून मी तिला वाटेला लावलं. तुमचा राग आला होता मला.

दुसऱ्यांच्या दारात जाऊन वाईट बातमी सांगत होतात, मग आपल्या घरात काय झालं? तुमच्या किटबॅगेत, नी-कॅपच्या खाली तुमच्या आजाराचा तो रिपोर्ट मला सापडला होता. विचारलं, तर म्हणालात, "मुलींच्या तपासणीचे कागद आहेत." मला इंग्रजी कुठे येत होतं! मराठी वाचायलासुद्धा मी भज्यांच्या पुड्यांवरून आणि तुमच्या जुन्या पेपरांवरून शिकलेली. मी कागद परत ठेवून दिला.

तुम्ही गेल्यावर पाचवीचं पुस्तक आणून इंग्रजी शिकले, त्या एका कागदासाठी. तारीख दिवाळीनंतरची होती. आजाराचं मला सांगितलंत होळीला, सामने संपल्यावर. मधले चार महिने माझे नव्हते का? वरोरच्या किनाऱ्यावर जाऊन बसू म्हणून तुम्ही दोनदा म्हणालात. मी म्हटलं, लिंबाचं लोणचं घालायचंय, नंतर जाऊ. मला माहीत असतं, तर लोणचं घालत बसले असते का हो?

दुपारी मीनलचा फोन आला. "आई, बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय?" मी म्हटलं.

फोन ठेवला आणि जागच्या जागी बसले. कपाटात साड्यांच्या खाली माझाही एक कागद आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी महिन्यापूर्वी दिलेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्याचं ऑपरेशन लवकर करा म्हणाले. नातीची बारावीची परीक्षा होऊ दे, मग लेकीला सांगू, असं ठरवून मी तो घडी करून ठेवला होता. तुमचं निमित्त सामने, माझं नातीची परीक्षा!

परक्याच्या अंगणात उभं राहून बोलणं सोपं असतं, सर. तो चिडतो, मग चहा देतो. आपल्या माणसाचा चेहरा उतरलेला बघायचा, तर आपण कागद घडी करून लपवतो. हे मला आज कळलं. कळलं म्हणून राग गेला, असं मात्र नाही. थोडा अजून आहे.

संध्याकाळी भारतीला निरोप दिला, उद्या सकाळच्या बसने निघू. तिला सांगितलंय, अंगणात गेल्यावर हवापाण्याच्या गप्पा मारायच्या नाहीत. आधी सांगायचं, मग बसायचं.

आणि मीनललाही सांगेन. बस सुटायच्या आधी, डहाणूच्या स्टँडवरूनच फोन करेन. या पत्राच्या ओळी कशा वाकड्या गेल्यात, ते तुम्ही पाहताच आहात. तुमच्या हातून एक घर राहून गेलं. माझ्या हातून राहणार नाही, शब्द देते.

तुमची,
सुमन